शाळेचे छप्पर आणि न मागितलेले घर

मी, जिला अख्खा बाजार काटेताई म्हणतो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती, राहणार दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलाशी बसून, भरल्या पोटी लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या डोक्याबद्दल बाजारात दोन मते आहेत. कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून गळ घातलेली नाही. उलट ज्याने गळ घालायला हवी होती तोच गप्प बसला आहे, आणि ते का, हे मला मरायच्या आत कळून घ्यायचे आहे. त्याबद्दल कलम चार पाहावे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे सांगत कोणी कागद घेऊन आला तर त्याला दाराबाहेर काढावे.

वकीलसाहेबांनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात "मनुष्यदेह नश्वर आहे" असे पहिलेच वाक्य होते. मी म्हटले, हे मला माहीत आहे, पुढचे सांगा. नमुना त्यांना परत केला आहे.

कलम १. तब्येतीबद्दल. हे कलम मृत्युपत्रात लागत नाही असे वकीलसाहेब म्हणाले, पण मला लागते. डॉक्टरबाईंनी तपासण्यांचे कागद पाहिले आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी विचारले, "नक्की किती दिवस?"

"ताई, असं वजन करून सांगता येत नाही हो."

"अंदाजे सांगा. पारडं कुठे झुकतंय ते सांगा."

त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घ्यायची घाई करू नका." मला ही बाई आवडते. मी घरी येऊन चहा केला आणि खरे सांगायचे तर पहिल्यांदा जे वाटले ते दुःख नव्हते. मनात आले, बरे झाले, आता आवरायला घेता येईल. रडू दुसऱ्या दिवशी आले, भांडी घासताना, आणि तेही चांगले भरपूर आले.

कलम २. हत्यारे आणि काटे. सोनाराचा नाजूक काटा, काचेच्या पेटीतला, माझ्या भाचीला, म्हणजे चुलतभावाच्या मुलीला, द्यावा. ती औषधांच्या दुकानात काम करते, तिला त्याची कदर आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे. बँकेत जे आहे ते तिचेच. "आत्या, मला काही नको" असे ती म्हणणार; ते ऐकू नये. कानशी, चिमटे, लहान हातोडी आणि दांड्या सरळ करायचा लोखंडी ठोकळा हे सगळे एकत्र ठेवावे, वेगवेगळे विकू नये. आता विजेवर चालणारे काटे आले आहेत आणि माझा धंदा माझ्यासोबतच मिटणार आहे, याचे वाईट वाटते. पण ही हत्यारे कशाची आहेत हे कधी तरी कोणाला तरी विचारावेसे वाटेल. त्या माणसाला ती द्यावीत.

पितळेची प्रमाण वजने शाळेला. पहिलीच्या रांगेत ठेवावीत, मुलांच्या हाताला लागतील अशी. कपाटात ठेवून वर पाटी लावली तर मी परत येईन.

कलम ३. जुनी देणीघेणी, म्हणजे रागलोभ.

(अ) कोपऱ्यावरच्या भाजीवालीचा तराजू माझ्या दुकानात खुंटीला टांगलेला आहे. फार वर्षांपूर्वी तिने तो दुरुस्तीला टाकला. दुरुस्तीला म्हणजे काय, तर एका बाजूला किंचित झुकता करून हवा होता, कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही इतका. मी तो अगदी खरा करून ठेवला. तिने हातात घेतला, एकदा तोलून पाहिला, आणि न घेताच निघून गेली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. तो तिला द्यावा. खराच आहे अजून.

(आ) शेजारच्या चष्मेवाल्याने माझे घर विकत मागून मागून माझ्या कानाचे भोक मोठे केले आहे. त्याला दुकान वाढवायचे आहे. माझ्या घरात तो डोळे तपासायची खोली करणार, असे त्याने माझ्यासमोरच टेप लावून मोजून सांगितले होते, मी जिवंत असताना. त्याला माझ्याकडून दारावरची पितळी घंटी द्यावी. ती वाजली की मी दार उघडायला येत असे आणि तो दिसला की बंद करत असे.

(इ) माझा धाकटा भाऊ. याला मी टिल्लू म्हणते. तो सहा फूट उंच आहे, निवृत्त इंजिनिअर आहे, आणि बाजारातले लोक त्याला साहेब म्हणतात, तरी तो टिल्लूच. त्याला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. काहीही म्हणजे काहीही. का, ते लिहिते.

आमची शाळा एका खोलीची होती. आजही आहे, मधल्या काळात निम्मी पडली होती. दगडी भिंती, एक दार, चार खिडक्या, आणि एकच मास्तर. पहिली ते चौथी अशा चार रांगा. मास्तर एका रांगेला गणित घालत, दुसरीला कविता म्हणायला लावत, तोवर तिसरीला शुद्धलेखन. त्यामुळे पहिलीतल्या मुलालाही चौथीचा भूगोल कानावर पडे आणि चौथीतली मुलगी पहिलीच्या बाराखडीने पिसाळून जाई. आम्ही सगळे शेजारच्या रांगेचे ऐकून शहाणे झालो. मला माझ्या इयत्तेचे कधीच धड येत नसे, पुढच्या इयत्तेचे मात्र सगळे पाठ असे.

मास्तरांचा एक नियम होता. खोलीत विचारलेला प्रश्न खोलीचा. चौथीला विचारला आणि चौथीला आला नाही, तर कोणीही उत्तर द्यावे. खालच्या रांगेतल्याने दिले तर त्याने वर जाऊन त्या जागेवर बसायचे, आणि ज्याला आले नाही त्याने खाली येऊन त्याच्या जागेवर. दिवसभर. आता वाचून कठोर वाटेल, पण आम्हाला तो खेळ वाटायचा, एका दिवसाचा अपवाद सोडून.

त्या दिवशी मी चौथीच्या रांगेत होते आणि टिल्लू दुसरीच्या. मास्तरांनी मला विचारले, "रिकाम्या भांड्यात काय असतं?"

मी विचार करायला लागले. मी तशीच आहे, तोलल्याशिवाय बोलत नाही. मला वाटले, भांड्यात काल काय होते त्यावर ते ठरेल. दुधाचे असेल तर वास राहतो. तेलाचे असेल तर तेलकटपणा. पाण्याचे असेल तर काठाला पांढरी रेघ. मग रिकामे म्हणायचे कशाला? हे सगळे मी मनात मांडत होते तेवढ्यात मागून टिल्लू ओरडला, "हवा!"

मास्तर खूष. टिल्लू माझ्या जागेवर आला. मी त्याच्या जागेवर गेले आणि सबंध दिवस दुसरीच्या मुलांत गुडघे पोटाशी घेऊन बसले. संध्याकाळी मास्तरांनी वडिलांना कौतुकाने सांगितले. वडिलांकडे पुढच्या शाळेची फी एकाच मुलाची होती. पुढे टिल्लू शहरात शिकायला गेला, आणि मी दुकानात बसले, काटे खरे करायला शिकले. वडिलांवर माझा राग नाही, त्यांच्या जागी मीही तेच केले असते. धंद्याचाही राग नाही, धंदा मला फार आवडला. राग टिल्लूवर आहे, कारण त्याने माझे उत्तर पुरे होऊ दिले नाही. आणि माझे उत्तर त्याच्यापेक्षा चांगले होते, असे माझे आजही म्हणणे आहे.

कलम ४. घर आणि दुकान. हेच या मृत्युपत्रातले मुख्य कलम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टिल्लू निवृत्त होऊन, बायको गेल्यावर, इथे परत आला. आला तो थेट शाळा पाहायला गेला, मला भेटायला दुसऱ्या दिवशी आला. शाळा इतकी जुनी आहे की नगरपालिकेच्या कागदांतही ती कधी बांधली ते नाही. पण नगरपालिकेने नोटीस लावली होती: ठरल्या मुदतीत छप्पर नवे झाले नाही तर इमारत धोकादायक म्हणून पाडली जाईल. टिल्लूने समिती काढली, स्वतः चिटणीस झाला, आणि पेटी घेऊन दारोदार फिरायला लागला.

त्याला मागता येत नाही. मी माझ्या काउंटरमागून बघत होते. तो बेकरीवाल्याकडे जाऊन तुळयांवर किती भार येतो ते सांगायचा. बेकरीवाला म्हणायचा, "साहेब, भट्टी तापलीय." पेटीत काही पडायचे नाही. शेवटी मीच भाचीकरवी निरोप पाठवला, कारण आमचे थेट बोलणे कामापुरतेच आहे: पेटी ठेवून दे आणि शाळा भरव. दर रविवारी चार रांगा. प्रत्येक रांगेपुढे एक माणूस, त्याला जे येते ते शिकवणारा. चारी जण एकाच वेळी बोलतील. तिकीट एका रांगेचे, कान फुकट.

लोकांना वाटले म्हातारीला भ्रम झाला. पण पहिल्याच रविवारी जागा पुरली नाही. पहिल्या रांगेत बेकरीवाला पीठ मळायला शिकवत होता, दुसऱ्या रांगेत दातांच्या डॉक्टर, तिसऱ्या रांगेत वायरमन, आणि चौथीत निवृत्त न्यायाधीश, खोटा साक्षीदार कसा ओळखावा यावर. बेकरीवाला न्यायाधीशांचे ऐकण्यात इतका रमला की पीठ फुगून परातीबाहेर आले. न्यायाधीश मधेच थांबून वायरमनला म्हणाले, "हे फ्यूजचं परत एकदा सांगा हो." पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः वायरमनच्या रांगेचे तिकीट काढले. माणसांना आपले सोडून शेजारचे ऐकायची केवढी हौस असते! या हौसेवर शाळेच्या भिंती उभ्या राहिल्या, फरशी झाली, दार झाले.

उरले छप्पर. छप्पर म्हणजे मोठे काम, त्याला रविवारची तिकिटे पुरणार नाहीत. त्यासाठी साधारण एक घर विकावे लागेल, माझ्या घराएवढे. हे टिल्लूला माहीत आहे. तो इंजिनिअर आहे.

आणि इथे मला काही केल्या उलगडत नाही असे कोडे आहे. टिल्लूने गावात एकही दार सोडले नाही. ज्याने त्याच्यावर कोर्टात दावा लावला होता त्याच्याकडेही तो जाऊन आला. चष्मेवाल्याकडे दोनदा गेला. त्याच्या आणि चष्मेवाल्याच्या दारांच्या मधे माझे दार आहे. ते ओलांडून तो गेला, दोन्ही वेळा. मला त्याने आजवर एका शब्दाने विचारलेले नाही.

का? मला कंजूष समजतो? की मी नाही म्हणेन आणि ते चारचौघांत होईल, अशी भीती? की त्याला वाटते हिच्या मालकीचे काय असणार, काटे दुरुस्त करणारी बाई? मी प्रत्येक कारण मनात तोलून पाहिले, एकही बसत नाही.

तेव्हा या कलमाने मी ठरवते ते असे. शाळेची मुदत अजून वर्षभर आहे, माझी त्याच्या आत संपते, त्यामुळे माझे घर वेळेवर उपयोगी पडू शकते. माझ्या पश्चात घर व दुकान विकावे आणि सगळी रक्कम शाळेच्या छपरासाठी समितीला द्यावी, मात्र एका अटीवर. टिल्लूने शाळेच्या खोलीत, दुसरीच्या रांगेत बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने मागितले पाहिजे. मागितले नाही तर घर भाचीचे.

वकीलसाहेब म्हणाले, "ताई, अशी अट कोर्टात टिकणार नाही."

मी म्हटले, "कोर्टात नका टिकवू. टिल्लूच्या डोक्यात टिकली तरी पुरे."

कलम ५. माझ्या निरोपाबद्दल. साधा असावा. भाषणे नकोत. समितीचे अध्यक्ष बोलायला उभे राहतील, त्यांना कात्री आणि फीत देऊन दुसरीकडे पाठवावे, तिकडे ते रमतात.

कलम ६. शाळेविषयी काही प्रश्न, जे मी मागे ठेवून जात आहे. ही मालमत्ता नाही असे वकीलसाहेबांचे म्हणणे आहे. माझ्या मते हीच आहे.

खिडक्या इतक्या खाली का? बसलेल्या मुलालाही रस्ता दिसेल अशा त्या आहेत. कोणता शहाणा शाळेची खिडकी अशी ठेवेल? मुलांचे लक्ष बाहेरच जाणार. की जावे अशीच इच्छा होती?

दुसरे, लाकडी तक्तपोशीत, म्हणजे छपराखालच्या फळ्यांत, चौथीच्या रांगेच्या बरोबर वर, वेगळ्या लाकडाचा एक चौकोन आहे. लहानपणी पाठीवर झोपून आम्ही त्याकडे बघत असू. तो झाकण आहे की ठिगळ? वर काही आहे का? टिल्लू म्हणतो, छप्पर उतरवल्याशिवाय कळणार नाही, हात लावला तर सगळेच खाली यायचे. ज्याला कळेल त्याने भाचीला सांगावे. मला सांगायला मी नसेन, याचीच मला सगळ्यात जास्त रुखरुख आहे.

येथवर मी एका बैठकीत लिहिले. पुढचे तीन आठवड्यांनी लिहीत आहे. मधे जे घडले त्यामुळे वर खाडाखोड करावी लागली आहे. वकीलसाहेब म्हणाले, नवीन कागदावर स्वच्छ लिहा. मी नाही म्हटले. जिथे खोडले तिथे बाजूला सही केली आहे, तेवढे पुरे. मी काय आधी ठरवले होते आणि मग काय केले, दोन्ही दिसू देत.

कलम ७. रविवारी काय झाले.

त्या रविवारी पहिली रांग माझी होती. मी तराजू टांगून दांडी, काटा, पारडी समजावत होते. चौथीची रांग टिल्लूची, विषय छप्पर. त्याच्या रांगेत पुढेच भाजीवाली बसली होती. ती माझ्या रांगेत येणार नाही हे उघड होते, पण तिचे निम्मे लक्ष माझ्या तराजूवर होते, मी पाहत होते.

टिल्लूने तुळयांचे सांगून झाल्यावर विचारले, "काही शंका?"

भाजीवाली म्हणाली, "साहेब, आख्ख्या गावाला मागितलंत. माझ्या टोपलीपुढे पण पेटी धरलीत. मग ताईंना का मागत नाही?"

तिचा आवाज बाजारात घडलेला. चारी रांगा एकदम थांबल्या. मला वाटले टिल्लू काही तरी आकडे सांगून वेळ मारून नेईल. पण त्याने आकडे बाजूला ठेवले. मग म्हणाला, "तिची जागा मी एकदा घेतली. त्याच जागेवर बसून शिकलो, नोकरी केली, सगळं केलं. आता तिला घर कुठल्या तोंडानं मागू?"

हे तो हळू म्हणाला होता. पण त्या खोलीत हळू काही राहत नाही.

माझ्या हातात वजन होते. मी ते भलत्याच पारड्यात ठेवले. आयुष्यभर माझ्याकडून असे झालेले नाही, हा धंदाच तसा आहे. इतकी वर्षे मला वाटत होते की तो दिवस माझ्या एकटीच्या लक्षात आहे. आणि हा माणूस तो दिवस तितकाच जपून घेऊन फिरत होता, माझ्या दारावरून जाताना मान खाली घालून. मला त्याचा राग आला, मग माझा आला, मग दोन्ही राग कुठे गेले ते कळले नाही. डोळे भरून आले, तेही सगळ्यांसमोर.

मी उठून म्हटले, "टिल्लू, प्रश्न खोलीत विचारलाय, म्हणजे खोलीचा. उत्तर मी देते. मागितलं नाहीस म्हणून दिलं नाही. एवढंच आहे."

कोणीतरी म्हातारा मागून ओरडला, "जागा बदला!" मग आमच्या वेळचे जेवढे होते तेवढे सगळे ओरडायला लागले, "बदला, बदला, खालच्यानं उत्तर दिलंय!" शेवटी टिल्लूला यावेच लागले. सहा फुटांचा माणूस पहिलीच्या रांगेत बसायला गेला, त्याचे गुडघे कटकट वाजले आणि सगळी खोली हसली. तोही हसला.

मी चौथीच्या रांगेपुढे जाऊन उभी राहिले. छपराबद्दल मला काही येत नाही. म्हणून मी फक्त विचारले, "वरचा तो चौकोन कशाचा असेल?" आणि पुढचा सबंध तास लोक नुसते अंदाज करत होते. बेकरीवाला म्हणाला धूर जायला. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या घंटेची दोरी खाली यायला. भाजीवाली म्हणाली, "मास्तर वर चढून झोपा काढत असणार." हसता हसता तिने माझ्याकडे बघितले. मी म्हटले, "तुझा तराजू खुंटीवर आहे." ती म्हणाली, "ठाऊक आहे. येते न्यायला." सबब कलम ३ (अ) खोडले आहे, ती दुसऱ्याच दिवशी येऊन घेऊन गेली.

कलम ८. त्यानंतर काय झाले.

टिल्लू माझी तराजूची पेटी उचलून मला घरापर्यंत सोडायला आला. दुकानाच्या पायरीवर पेटी ठेवून म्हणाला, "ताई, एक विचारू?"

मी मनात म्हटले, आले एकदाचे. "विचार."

"माझ्याकडे राहायला येशील?"

मला ऐकू बरे येते, तरी मी म्हटले, "काय?"

"मागची खोली रिकामी आहे. सकाळचं ऊन येतं."

"घर मागत नाहीस?"

"घराचं तू ठरव. दे, नाहीतर देऊ नको. मी तुला विचारतोय, तुझ्याबद्दल."

"डॉक्टरबाईंनी सांगितलं वाटतं तुला."

"त्यांनी नाही. तुझ्या भाचीनं सांगितलं. रडत होती."

"म्हणजे दया येऊन विचारतोस."

"छे गं. एकटं जेवून कंटाळलोय. घास खाली जात नाही."

मी पायरीवर बसले. मी तोलायला लागले, माझ्या सवयीने. घर माझे आहे, त्यात वडिलांचे टेबल आहे, भिंतीला काट्यांच्या खुंट्या आहेत. दुसरीकडे त्याची मागची खोली. तिथे माझे काही नाही. मग मनात आले, मी गेल्यावर घर विकायचे, छप्पर मी गेल्यावर होणार, तो चौकोन मी गेल्यावर उघडणार. हे सगळे माझ्या मरणाची वाट बघत का थांबवायचे? मला बघायचे आहे. दुसऱ्या कोणी बघून माझ्या फोटोपुढे सांगितलेले मला चालणार नाही.

यात बराच वेळ गेला. चष्मेवाला शटर ओढून घरी गेला. टिल्लू पेटीशेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, खाकरलाही नाही. माझे होईपर्यंत थांबला.

मी म्हटले, "बरं. पण टेबल माझं न्यायचं."

"नेऊ."

"आणि तू घोरतोस."

"दार लावून घे."

कलम ९. सबब कलम ४ संपूर्ण रद्द. अट रद्द, आणि घरही रद्द, कारण ते आता माझे नाही. चष्मेवाल्याने शुक्रवारी ते विकत घेतले, नोंदणी झाली, आणि आलेली रक्कम मी माझ्या हाताने समितीकडे भरली. समितीचा चिटणीस पावती लिहिताना तीन वेळा चुकला. चष्मेवाल्याला कलम ३ (आ) मधली घंटी देण्याचे कारण उरले नाही, ती दारासकट त्याला गेली. त्याने डोळे तपासायची खोली करावी. माझे डोळे त्याने फुकट तपासावेत असे मी तोंडी कबूल करून घेतले आहे.

सोमवारपासून छपराचे काम सुरू होणार आहे. समोरच्या झाडाखाली माझी खुर्ची ठेवायला सांगितली आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "धूळ तुम्हाला चालणार नाही." मी म्हटले, मला आता काय चालते ते मी बघते. शेवटी त्यांनी तोंडाला फडके बांधायच्या अटीवर परवानगी दिली.

कलम १०. कलम ३ (इ) मात्र खोडायचे नाही. वकीलसाहेबांनी दोनदा विचारले, "ताई, आता तरी भावाच्या नावे काही ठेवा. निदान टेबल." मी सांगितले, टिल्लूला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही, हे जसेच्या तसे राहू द्या. टेबल भाचीला. मग साक्षीदार कोण, असा प्रश्न निघाला. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार असू नये, आणि आधी घर समितीला जात होते म्हणून समितीच्या चिटणिसालाही त्यांनी नको म्हटले होते. आता समितीला यातून काही मिळत नाही. चिटणिसालाही नाही. मी याच कारणासाठी ते कलम ठेवले होते हे त्यांना तेव्हा कळले, आणि त्यांनी पेन टिल्लूच्या हातात दिले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, परत वाचला, तोलला. तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत मी सही केली आणि माझ्यादेखत त्यांनी केली.

सही: काटेताई

साक्षीदार १: डॉक्टरबाई. (सही करणारी बाई सही करताना पूर्ण शुद्धीत होती आणि मला सूचना देत होती.)

साक्षीदार २: धाकटा भाऊ. (मला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. ताई माझ्याकडे राहते.)

स्थळ: भावाचे घर, मागची खोली
दिनांक: छप्पर उतरवायला घेण्याच्या आदल्या दिवशी, रविवार, सकाळ